म्हातारपणाचं घर निवडताना: विदर्भातल्या गावात राहायला येणाऱ्यांसाठी

आरोग्यसेविका म्हणून माझी सगळी नोकरी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांत गेली. लसीकरण असो, बाळंतीण असो, हिवतापाचा रक्तनमुना असो की बीपी-शुगरच्या गोळ्या, मी घरात शिरायची ती थेट आतल्या खोलीपर्यंत. कुणाच्या घरात म्हातारं माणूस सुखानं वावरतं आणि कुणाच्या घरात ते बाजेला खिळतं, हे त्यामुळे जवळून पाहता आलं. आता पुण्या-मुंबईहून, नागपूरहून निवृत्त होऊन गावाकडे येऊ पाहणारी माणसं ओळखीपाळखीतून माझ्याकडे येतात. "ताई, एक घर पाहिलंय, जरा बघून देता का?" त्यांना जे सांगते तेच इथे क्रमानं लिहिते आहे.

आधी घरीच बसून ठरवा

बहुतेक जोडपी अठ्ठावन्न-साठीत घर बघतात आणि त्या वयाच्या पायांनी बघतात. पायऱ्या खटाखट चढून होतात, गच्चीवरून वावर दिसतं, मन भरतं. पण घर लागणार आहे पुढची पंचवीस वर्षं. त्यातली शेवटची काही वर्षं दोघांपैकी एकच तिथे असणार, आणि मी पाहिलं त्यात बहुतेक वेळा मागे राहिली ती बाई. म्हणून घर त्या एकट्या माणसासाठी बघा. बाकीच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

एक वही घ्या. पानाच्या डाव्या बाजूला रोजची-महिन्याची कामं लिहा: पाणी भरणं, सिलिंडर बदलणं, दळण, औषधं, बँक, नोव्हेंबरातला पेन्शनचा हयातीचा दाखला. उजवीकडे लिहा, आज हे कोण करतं आणि तो माणूस नसला तर कोण करेल. काकाजी म्हणतात, "बाजार काय, गाडीनं पाच मिनिटं." काकूंना गाडी चालवता येत नसेल तर त्यांच्यासाठी तो बाजार पाऊण तासाची पायपीट आहे. ही वही दोघांनी मिळून भरावी. एकट्या पुरुषानं भरली की उजवी बाजू बहुधा कोरीच राहते.

गाव: रस्ता, दवाखाना, फाटा

जन्मगावाची ओढ मला समजते. तरी स्वतःचं गाव आणि तालुक्याच्या रस्त्यावरचं मोठं गाव असे दोन्ही पर्याय असतील तर मी रस्त्यावरचं गाव सुचवते. ओढ असलेलं गाव तिथून आठवड्याला जाऊन भेटता येतं.

दवाखान्याची पाटी पाहून समाधान मानू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा: डॉक्टर मुक्कामी असतात का, रात्री कोण असतं, सापाची लस साठ्यात आहे का. मग पुढचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कुठे आहे ते पाहा. त्याच्याही पुढचं मोठं रुग्णालय म्हणजे सेवाग्रामचं कस्तुरबा, सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय, किंवा यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. वयाची ७० वर्षं झाली असतील तर आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. उत्पन्न कितीही असलं तरी हे कार्ड निघतं. पण ते आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या दवाखान्यात चालतं, हे घर घेण्याआधीच विचारून ठेवा.

अंतर किलोमीटरात मोजू नका, वेळेत मोजा, आणि तेही पावसाळ्यात. ऑगस्टमधल्या रात्री दोन वाजता या घरातून निघालो तर दवाखान्यातल्या खाटेवर किती वेळात पोहोचू? वाटेत नाला आहे का, त्यावर पूल आहे की पुरात पाण्याखाली जाणारा नुसता रपटा, पाणी चढलं की किती तास गाव तुटतं? विक्रीवाला सांगेल, "कधी नाही होत." पानठेल्यावर विचारा, शाळेतल्या गुरुजींना विचारा. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेनं आणि २०२३ च्या जुलैत यवतमाळ जिल्ह्यातल्या नदीनाल्यांनी कुठवर पाणी आणलं होतं, ते लोक अजून भिंतीवर हात ठेवून दाखवतात. तो हात जिथे थांबतो त्याच्या खाली जोतं असलेलं घर घेऊ नका.

एसटीचंही तसंच. ६५ पूर्ण झाले की अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झाले की मोफत. पण गाडी गावात येते की फाट्यावरूनच निघून जाते? फाटा दोन किलोमीटरवर असेल तर मोफत तिकिटाचा उपयोग कुणाला? गावात किराणा, औषधाचं दुकान, पिठाची गिरणी आणि गाडीचा थांबा हे चारही म्हाताऱ्या चालीनं दहा-पंधरा मिनिटांत गाठता यावेत, एवढं मी धरून चालते. चौघांतलं एखादं कमी असेल तर तडजोड करता येते. थांबा मात्र हवाच.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे जंगलालगतचं घर फार शांत वाटतं. तिथे संडास घराबाहेर असेल तर ते घर म्हाताऱ्या माणसासाठी नाही. पहाटे अंधारात वाघ-अस्वलाच्या वाटेवरून तांब्या घेऊन जायची वेळ कुणावर येऊ नये.

घर मे महिन्यात बघा

लोक दिवाळीत गावी येतात, गुलाबी थंडीत घर पाहतात आणि इसार देऊन मोकळे होतात. विदर्भातल्या घराची खरी परीक्षा मे महिन्यात होते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा यांची नावं दर उन्हाळ्यात बातम्यांत असतातच. म्हाताऱ्या शरीराला तहान कमी जाणवते, घाम कमी येतो, त्यात बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी आणखी लवकर उतरतं. ऊन लागलेला म्हातारा "मले काही नाही झालं" म्हणत म्हणत बेशुद्ध पडतो, हे मी पाहिलं आहे.

दुपारी तीन वाजता जा आणि ज्या खोलीत झोपणार त्या खोलीत अर्धा तास बसा. मग रात्री दहाला पुन्हा जा. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावा. भिंत चपातीच्या तव्यासारखी वाटली तर ती पहाटेपर्यंत तशीच राहणार. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ओकतो. टिनाचं घर दुपारी भट्टी होतं, पण रात्री लवकर निवतं. मातीच्या जाड भिंती आणि कवेलू, म्हणजे कौलं, यांचा थंडावा दुसऱ्या कशाला नाही. एकदा भर उन्हाळ्यात सेवाग्रामला बापूकुटीत बसून बघा, म्हणजे कळेल. पण कवेलूचं घर दरवर्षी पावसाळ्याआधी फेरावं, म्हणजे कवेलू उतरवून पुन्हा रचावे लागतात, माकडं कवेलू फोडतात आणि फेरणारी माणसं आता सहज मिळत नाहीत. जुनं मातीचं घर घेतलं तर कवेलू कोण फेरून देणार, त्याचं नाव आधी वहीत लिहा.

मला सगळ्यात पटलेला मधला मार्ग असा: पक्कं घर, पण पश्चिमेला मोठी सपरी (पडवी) किंवा कडुनिंबाची सावली, स्लॅबवर दरवर्षी चुन्याचा पांढरा हात, आणि समोरासमोर खिडक्या. कुलरला समोरून हवा निघायला वाट नसेल तर खोलीत नुसता ओलावा साचतो. कुलरमध्ये पाणी बादलीनं भरावं लागतं की नळीनं, हेही बघून ठेवा. पंचाहत्तरीतल्या बाईनं रोज सहा बादल्या उचलायच्या असतील तर तो कुलर बंदच राहणार.

लाइन, म्हणजे वीज, किती जाते हे तर सगळेच विचारतात. तुम्ही आणखी एक विचारा: मागच्या वेळी गावची डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळली तेव्हा नवी किती दिवसांनी बसली? इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रीज बंद पडला तरी घाबरू नये. कुपी प्लास्टिकच्या डबीत घालून ती डबी ओल्या माठात, सावलीत ठेवली तर बरीच थंड राहते. हे मी कितीतरी घरांत करून दिलं आहे.

जमीन आणि पाणी

काळ्या मातीत कापूस चांगला येतो, घर नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पायासकट भिंत हलवते. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी, जिन्यासारखी चढत गेलेली भेग दिसली तर पाया कसा भरला ते विचारा. मुरूम लागेपर्यंत खोदला का? खाली-वर सिमेंटचा पट्टा आहे का? भेगेवर सिमेंटचा पातळ लेप आडवा लावून त्यावर तारीख लिहायला सांगा. पुढच्या फेरीत लेप तडकलेला दिसला तर भिंत अजून हलते आहे. मालक लेप लावू देत नसेल तर तेही एक उत्तरच समजा. सांडपाणी भिंतीच्या मुळाशी मुरत असेल तर आज धड असलेलं घरही चार पावसाळ्यांत तडकतं.

पाण्याची चव घेऊन निर्णय करू नका. अकोला, बुलडाणा, अमरावतीत पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आहे. तिथलं भूगर्भातलं पाणी खारं. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि त्यानं दात तर जातातच, सांधे-हाडंही आखडतात. आधीच गुडघे धरलेल्या माणसाला असं पाणी पाजायचं का? बोअरचं पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत देऊन कागद हातात घ्या. नळ कधी येतो, एक दिवसाआड की चार दिवसांआड, आणि टाकी जमिनीवर आहे की डोक्यावर, हेही बघा. डोक्यावरची टाकी मोटरनं भरत असेल तर लाइन नसलेल्या दिवशी संडासात पाणी नसतं.

घराच्या आत

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त माणसं मी इथे मोडलेली पाहिली.

दारव्ह्याकडच्या एका गावात एक आजी होत्या. ठणठणीत, चश्म्याशिवाय तांदूळ निवडायच्या. मुलानं नवीन घर बांधलं, आत टाइल्स घातल्या, न्हाणीघरही टाइल्सचं. न्हाणी आणि माजघर यांच्यामध्ये चार बोटांचा उंबरठा, त्याच रंगाचा. पहाटे चारला त्या उठल्या, दिवा लावला नाही, कारण सून जागी होईल म्हणून. मी गेले तेव्हा त्या जमिनीवर पडलेल्या होत्या आणि एक पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, आखूड दिसत होता. त्या पायाकडे पाहूनच मला कळलं की खुबा गेला. माझा हात धरून म्हणाल्या, "नर्सबाई, थो उंबरठा मले दिसलाच नाही वं." शस्त्रक्रिया झाली, पण त्या पुन्हा अंगणात आल्या नाहीत. त्या घरात लाखभराच्या टाइल्स होत्या आणि भिंतीला धरायला हातभर लोखंडी दांडा नव्हता.

म्हणून टेप घेऊन जा आणि हे मोजा.

झोपायच्या बाजेपासून संडासापर्यंत किती पावलं, मध्ये किती उंबरठे. पंधरा पावलांच्या आत आणि एकही उंबरठा नाही, हे उत्तम. असलेला उंबरठा काढता येत नसेल तर त्याला वेगळ्या, भडक रंगाचा पट्टा मारा. दाराची मोकळी रुंदी निदान ३२ इंच हवी, नाहीतर वॉकर किंवा चाकाची खुर्ची आत जाणार नाही. न्हाणीचं दार बाहेर उघडणारं करून घ्या. माणूस आत दारालाच टेकून पडला तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलताच येत नाही, तोडावं लागतं. कडी अशी असावी की बाहेरूनही काढता येईल.

कमोड बसवाच. "आम्हाला उकिडवं बसायची सवय आहे" हे सगळे म्हणतात, आणि सत्तरीनंतर तेच म्हणतात, "बसलो की उठताच येत नाही." कमोडची बैठक साधारण १८ इंच उंच असावी आणि बाजूच्या भिंतीत दांडा. हा दांडा टाइलला चिकटवलेला किंवा टॉवेल अडकवायचा नको. विटेत खोल बोल्ट मारून बसवलेला हवा, आणि बसवल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसानं त्याला लटकून बघावं. न्हाणीतली फरशी खडबडीत असावी. आंघोळीला पाट नको, प्लास्टिकची पाठ असलेली खुर्ची घ्या. पाटावरून उठताना तोल जातो.

जोत्याची उंची बघा. पुरापासून वाचायला दोन फुटांचं जोतं चांगलं, पण चाकाच्या खुर्चीचा उतार १ फूट उंचीला १२ फूट लांबीचा लागतो. म्हणजे दोन फूट जोत्याला चोवीस फूट उतार. अंगणात तेवढी जागा आहे का? नसेल तर वळण घेऊन करता येतो. पायऱ्या असतील तर त्या सहा इंचांपेक्षा उंच नकोत, आणि दोन्ही बाजूंना कठडा हवा. अर्धांगवायूनंतर कोणत्या बाजूचा हात उरेल, कुणाला माहीत?

दिव्याचं बटण बाजेवरून हात लांबवून लागावं. बाज फार खाली असेल तर पायांखाली विटा लावून उंच करा. विंचू-सापाच्या दिवसांत जमिनीवर झोपणं तर नकोच.

दोन मजली घर असेल तर वरचा मजला धरूच नका. खाली एक खोली, स्वयंपाक आणि संडास एवढं धड असेल तर घर चालेल.

कागद

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कराचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा होत नाही. गावठाणातल्या घराला मिळकत पत्रिका निघाली आहे का ते विचारा. स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन अनेक गावांत त्या तयार झाल्या आहेत. गावठाणाबाहेरचा प्लॉट असेल तर तो अकृषिक आहे का, ले-आउट मंजूर आहे का हे पाहा. शेतकरी नसलेल्या माणसाला आपल्या राज्यात शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. आदिवासींची जमीन आणि वर्ग २ ची, म्हणजे सरकारी अटी असलेली, जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, मग विकणारा कितीही ओळखीचा असो. वडिलोपार्जित घर असेल तर सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, बहिणींच्याही. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल काढून घ्या.

खरेदीखत दोघांच्या नावे करा. यावर मी अडून बसते. नवरा गेल्यावर बाईला स्वतःच्याच घरात वारस म्हणून तलाठ्याकडे चकरा मारताना मी पाहिलं आहे.

आणि घर मुलाच्या नावे करायची घाई नको. बक्षीसपत्र स्वस्तात होतं, राहतं घर मुला-मुलीला द्यायचं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, म्हणून लोक भावनेच्या भरात करून टाकतात. करायचंच असेल तर त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: दोघांनाही हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क, आणि घर घेणाऱ्यानं आमचा सांभाळ करण्याची अट. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार सांभाळाची अट मोडली तर असं हस्तांतरण रद्द करून मागता येतं, आणि अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात करायचा असतो. अट कागदावर नसेल तर ती सिद्ध करताना म्हातारपण सरतं. त्यापेक्षा मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार घ्या, घर हयातीत आपल्याच नावे ठेवा.

हाक ऐकू जाईल का

घर पसंत पडलं की न्हाणीत उभे राहून जोरात हाक मारा. शेजारच्या घरातून कुणी बाहेर आलं तर चांगली खूण. वावरातलं एकटं घर तरुणपणी छान, पण पडलेल्या माणसाची हाक तिथे कापसाच्या ओळींत विरून जाते.

संध्याकाळी गावात एक फेरी मारा. पारावर म्हातारी माणसं बसलेली दिसतात का? गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते का? बायकांना बसायला जागा कुठे आहे, की फक्त पुरुषांचाच पार आहे? माणसांत मिसळणारा म्हातारा औषध वेळेवर घेतो, जेवतो, आणि एक दिवस दिसला नाही तर कुणीतरी विचारायला येतं. लेकीचं गाव जवळ असेल तर तेही वजनात धरा. आपल्याकडे लेकीजवळ राहायला लोक संकोचतात. त्या संकोचापायी उपाशी झोपलेले मायबाप मला माहीत आहेत.

घर झेपणारच नसेल तर वृद्धाश्रमाला वाईट समजू नका. पण तिथे ठरवून, वेळ घेऊन जाऊ नका. जेवणाच्या वेळी न सांगता जा. ताटात काय आहे ते पाहा, संडास पाहा, रात्री कोण असतं ते विचारा, आणि तिथे राहणाऱ्या एखाद्या आजींशी व्यवस्थापक नसताना दहा मिनिटं बोला. माणूस अंथरुणाला खिळला की ठेवतात की घरी पाठवतात, हे लेखी घ्या.

इसार देण्याआधी

जमत असेल तर त्याच गावात आधी भाड्यानं राहा: एक उन्हाळा आणि एक पावसाळा. तेवढं जमत नसेल तर मे महिन्यात आठ दिवस आणि ऑगस्टमध्ये आठ दिवस. त्यातला एक दिवस काकाजींनी घरातून निघून जावं आणि काकूंनी एकटीनं काढावा: पाणी, दळण, औषध, बँक, सगळं. दुसरा दिवस उलटा. संध्याकाळी वही उघडून उजवी बाजू पुन्हा भरा.

घर घेतलंत तर सामान हलवायच्या आधी न्हाणीतले दांडे बसवून घ्या. आणि दाराच्या मागे, खाली पडलेल्या माणसालाही दिसेल एवढ्या उंचीवर, जाड रंगानं लिहून ठेवा: रुग्णवाहिका १०८, ज्येष्ठांची मदतवाहिनी १४५६७, आणि त्याखाली शेजारच्या घरातल्या त्या माणसाचा नंबर, जो तुमची हाक ऐकून बाहेर आला होता.